सरोवरातून समुद्राकडे : होडीतून आठ दिवस
(परिसर अभ्यास – नकाशावरचा प्रवास)



माझी शाळा कोयना धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आहे. पलीकडच्या वाडीतली मुलं लाँचने शाळेत येतात. एकदा वर्गात ‘सरोवर’ हा शब्द फळ्यावर लिहिला, तर चौथीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, नदी पळते, मग तळ्यातलं पाणी झोपलेलं असतं का?”

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. कारण तो ऐकला आणि मला आदल्या पावसाळ्यातला एक दिवस आठवला. केंद्रस्तरीय वक्तृत्व स्पर्धा होती. आमच्या शाळेची एक मुलगी महिनाभर तयारी करत होती. सकाळी आम्ही धक्क्यावर पोचलो, तर लाँचवाले तात्या म्हणाले, “बाई, आज न्हाय सोडायची लाँच. वारं फिरलंय.” मला तर पाणी शांत दिसत होतं. मी चिडले. “तात्या, अर्ध्या तासाचं तर काम आहे,” असं दोनदा म्हणाले. ते हलले नाहीत. स्पर्धा हुकली. मुलगी रडली. मी आठवडाभर तात्यांशी नीट बोलले नाही.

त्या दिवशी तात्यांना काय दिसलं आणि मला काय दिसलं नाही, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून मी सरोवरं, नद्या आणि होडीचा प्रवास यांबद्दल वाचत गेले. त्यातून मुलांसाठी एक ‘नकाशावरचा प्रवास’ तयार झाला. मी त्या ठिकाणी गेलेले नाही. पण नकाशा, पट्टी आणि थोडी कल्पनाशक्ती असली की वर्गात बसूनही प्रवास होतो. चला तर मग, वल्हे हातात घ्या!

आधी नकाशा उघडा

जगाच्या नकाशावर उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारी चिंचोळी पट्टी शोधा. ती मध्य अमेरिका. तिच्यात निकाराग्वा नावाचा देश आहे. या देशात एक प्रचंड सरोवर आहे, निकाराग्वा सरोवर. तिथल्या मूळ रहिवाशांचं त्याला दिलेलं नाव ‘कोसिबोल्का’.

हे सरोवर किती मोठं? सुमारे ८ हजार चौरस किलोमीटर. नुसता आकडा सांगून मुलांच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. म्हणून असं सांगा, आपला अख्खा रत्नागिरी जिल्हा उचलून पाण्यात ठेवला तर जेवढी जागा व्यापेल, जवळपास तेवढं! सरोवराच्या मध्ये ओमेतेपे नावाचं बेट आहे आणि त्या बेटावर दोन ज्वालामुखी पर्वत उभे आहेत. इतकं मोठं सरोवर, पण खोली मात्र फार नाही. सर्वांत खोल ठिकाणीसुद्धा तळ तीस मीटरच्या आतच लागतो.

हे सगळं अकरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कोइमतूरच्या ओळीत. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधला हा उष्ण कटिबंध. आपला महाराष्ट्रही याच पट्ट्यात येतो. त्यामुळे तिथला उकाडा, दमट हवा, कोसळणारा पाऊस आपल्याला अनोळखी नाही.

आता गंमत बघा. या सरोवराच्या पश्चिम काठापासून प्रशांत महासागर एका ठिकाणी फक्त २० किलोमीटरच्या आसपास आहे. पण मधे एक लहानसा उंचवटा आडवा आला आहे. म्हणून सरोवराचं पाणी जवळच्या समुद्राला न जाता उलट दिशेला, पूर्वेला निघतं. ‘सान हुआन’ नावाची नदी होऊन सुमारे १९० किलोमीटर चालतं आणि कॅरिबियन समुद्राला मिळतं.

ओळखीचं वाटतंय ना? आपली कृष्णामाई महाबळेश्वरला उगम पावते. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास. पण ती पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी जवळची वाट शोधत नाही, ते उताराची वाट शोधतं. हे वाक्य मुलांकडून वहीत लिहून घ्या.

म्हणजे आपल्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. तळ्यातलं पाणी झोपलेलं नसतं. ते चाललेलंच असतं, फक्त इतकं हळू की आपल्याला दिसत नाही.

आपली होडी आणि आपलं सामान

आपण जी होडी घेणार आहोत तिला कॅनो म्हणतात. लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी. इंजिन नाही, शीड नाही. दोघे जण बसतात, एक पुढे, एक मागे. पुढचा जोर लावतो, मागचा जोरही लावतो आणि दिशाही सांभाळतो. तिथले लोक पूर्वीपासून एकाच झाडाचं खोड कोरून अशा होड्या करत आले आहेत.

आता गणिताचा तास. भरलेली कॅनो माणसाच्या चालण्याच्या वेगाने जाते, म्हणजे तासाला चार-पाच किलोमीटर. दिवसात सहा-सात तास वल्हवलं तर सुमारे ३० किलोमीटर होतात. मग १९० किलोमीटरला किती दिवस? भागाकार करा. सहा दिवस आणि थोडं वर. त्यात सरोवराचा एक दिवस आणि थांबण्याचा एक दिवस मिळवा. झाले आठ दिवस.

आठ दिवसांचं सामान होडीत मावलं पाहिजे आणि ओलं होता कामा नये. मुलांना यादी करायला सांगा. पहिल्या यादीत हमखास बिस्किटं, मोबाइल आणि क्रिकेटची बॅट येते! मग एकेक वस्तूपुढे ‘ही नसली तर काय होईल?’ असं विचारा. यादी आपोआप अशी होत जाते :

१. प्रत्येकाला लाइफ जॅकेट. ते होडीत ठेवायला नव्हे, अंगात घालायला.
२. एक जादा वल्हे. वल्हे वाहून गेलं तर होडी म्हणजे तरंगता ओंडका.
३. पिण्याचं पाणी. उन्हात वल्हवताना माणसाला दिवसाला तीन-चार लिटर लागतं. नदीचं पाणी उकळून किंवा गाळून-शुद्ध करूनच प्यायचं.
४. तांदूळ, घेवड्यासारखे बी, कांदा, मीठ, तेल. तिथे भात आणि बी एकत्र परतून ‘गायो पिंतो’ करतात. आपला राजमा-भातच म्हणा ना.
५. तंबू, मच्छरदाणी, दोर, काड्यापेटी, विजेरी, औषधं.
६. पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, आणि त्या होडीला बांधायला दोरी.

जड सामान कुठे ठेवायचं? तळाशी आणि मधोमध. उतरंड रचताना आजी मोठं मडकं खाली ठेवते, तसंच. वजन खाली असेल तर होडी डुलते पण सहज उलटत नाही. म्हणूनच लाटा आल्या की वल्हवणारे बसण्याऐवजी गुडघ्यांवर येतात.

पहिला दिवस : सरोवर

सरोवराच्या आग्नेय कोपऱ्यात सोलेंतिनामे नावाचा लहान बेटांचा समूह आहे. तिथले शेतकरी आणि कोळी रंगीबेरंगी चित्रांसाठी प्रसिद्ध आहेत. १९६६ साली एर्नेस्तो कार्देनाल या कवी-धर्मगुरूने इथे वस्ती केली आणि गावकऱ्यांना रंग-कुंचले मिळाले. आपण इथून निघणार आणि सान कार्लोस या गावी पोचणार. कोणत्या बेटावरून निघतो त्यावर अंतर ठरेल, साधारण वीस ते तीस किलोमीटर.

निघायचं किती वाजता? पहाटे पाचला. (त्या वेळी आपल्याकडे संध्याकाळचे साडेचार वाजलेले असतील, हेही मुलांना काढायला सांगा.) इतक्या लवकर का? कारण इथे पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात आणि दिवस चढतो तसा त्यांचा जोर वाढतो. आपण चाललोय पूर्वेला, म्हणजे वारा समोरून येणार.

आता एक प्रयोग करा. एका ताटलीत पाणी घेऊन फुंकर मारा. किती लाट उठते? नुसती सुरकुती. आता लांबट परातीत पाणी घेऊन एका टोकाकडून तशीच फुंकर मारत राहा. पलीकडच्या टोकाला लाट मोठी दिसेल. वारा तोच, पण त्याला धावायला जागा जास्त मिळाली. सरोवर जितकं लांब-रुंद, तितकी लाट मोठी. त्यात पाणी फार खोल नसेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, एकामागून एक पटापट येतात. मोठ्या जहाजाला त्याचं काही वाटत नाही, कॅनोला मात्र फार वाटतं.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काठावर उभं राहिलं तर जवळचं पाणी शांत दिसतं, कारण टेकडीचा, झाडांचा आडोसा असतो. खरा वारा मध्यावर असतो. तो दिसतो कुठे? दूरच्या पाण्याच्या रंगात. शांत पाणी चकाकतं, वाऱ्याचं पाणी काळपट आणि खरखरीत दिसतं. लांबवर पांढरे ठिपके दिसू लागले तर समजायचं, लाटा फुटताहेत.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले. त्या दिवशी धक्क्यावर मी पायाशी असलेलं पाणी पाहत होते. तात्या पार लांब, खाडीसारख्या वळणापलीकडे पाहत होते.

सरोवर ओलांडतानाचे तीन नियम पाठ करून टाका. लाटेला होडीचं तोंड द्यायचं, कूस द्यायची नाही. शक्यतो काठाकाठाने जायचं. आणि होडी उलटलीच तर तिला सोडून पोहत निघायचं नाही, तिलाच धरून राहायचं. उलटी होडीसुद्धा तरंगते, आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते.

दुसरा आणि तिसरा दिवस : नदी सुरू होते

सान कार्लोस गावापाशी सरोवर संपतं आणि नदी सुरू होते. नेमकी कुठे? तशी रेघ कुणी आखलेली नाही. पण वल्हवणाऱ्याला कळतं. वल्हे थांबवलं तरी काठावरची झाडं मागे सरकू लागतात!

इथे मुलांना विचारा, आता पाणीच आपल्याला नेतंय, मग वल्हे कशाला? माझ्या वर्गातला एक मुलगा लगेच म्हणाला, “बाई, हँडलसाठी!” अगदी बरोबर. सरोवरात वल्हे पुढे जाण्यासाठी असतं. नदीत ते मुख्यतः दिशा राखण्यासाठी असतं.

नदी किती जोराने नेते तेही मोजू. सरोवराची पातळी समुद्रापेक्षा सुमारे ३२ मीटर उंच आहे. तेवढं खाली यायला नदी १९० किलोमीटर घेते. भागाकार केला तर एका किलोमीटरला सरासरी १७ सेंटिमीटर उतार. कंपासमधल्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा थोडा जास्त! म्हणून बहुतेक ठिकाणी नदी संथ आहे. पण सरासरी फसवते, हे पुढे कळेल.

वळणावर पाणी बाहेरच्या बाजूने जोरात धावतं आणि तिथे खोलही असतं. आतल्या बाजूला ते सुस्तावतं आणि वाळू टाकतं. बाहेरच्या काठाची माती खचून झाडं पाण्यात पडलेली असतात. त्यांच्यापासून दूर राहायचं. चहाच्या गाळणीतून चहा खाली जातो आणि चहापत्ती अडकते, तसं फांद्यांमधून पाणी जातं आणि होडी अडकते.

या पाण्यात एक पाहुणा असतो, ऐकून थक्क व्हाल. शार्क! समुद्रातला बुल शार्क मासा ही नदी चढून गोड्या पाण्याच्या सरोवरात येतो. पूर्वी लोकांना वाटायचं की हे सरोवरातच अडकलेले वेगळ्या जातीचे शार्क आहेत. १९६० च्या दशकात थॉमस थॉर्सन या शास्त्रज्ञाने शार्कना खुणेच्या चकत्या लावायला सुरुवात केली. समुद्राजवळ चकती लावलेले मासे सरोवरात सापडले आणि सरोवरातले समुद्राकडे. रहस्य उलगडलं! हा मासा शरीरातलं मिठाचं प्रमाण सांभाळू शकतो, म्हणून दोन्हीकडे जगतो. पण माणसाने त्यांची एवढी शिकार केली की आता ते क्वचितच दिसतात.

संध्याकाळचा मुक्काम तीन-चार वाजताच ठरवायचा, अंधाराची वाट बघायची नाही. जागा पाण्यापासून उंचावर हवी. आकाश निरभ्र असलं तरी वरच्या भागात पाऊस पडून रात्रीत पाणी चढू शकतं. होडी पूर्ण वर ओढून झाडाला बांधायची. भांडी घासायला अंधारात पाण्याशी जायचं नाही, इथे मगरी आहेत. आणि कचरा परत आपल्याच पिशवीत.

चौथा दिवस : खळाळ आणि किल्ला

सान कार्लोसपासून साधारण साठ किलोमीटरवर नदीचा आवाज बदलतो. समोर खडक, फेस आणि उसळणारं पाणी. हाच तो एल कास्तियो गावाजवळचा खळाळ, स्पॅनिश भाषेत ‘राउदाल देल दियाब्लो’, म्हणजे सैतानाचा खळाळ. किलोमीटरला १७ सेंटिमीटर ही आपली सरासरी इथे फसते. बराचसा उतार अशा दोन-चार जागीच साठलेला असतो.

खळाळाच्या वर टेकडीवर एक किल्ला आहे. आपल्या शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा, आणि हा किल्ला १६७५ मध्ये पूर्ण झाला. समुद्री चाचे याच नदीने वर चढून सरोवराकाठचं ग्रानादा शहर लुटत होते, म्हणून स्पॅनिशांनी तो बांधला. जागा अशी का निवडली? कारण खळाळापाशी प्रत्येक होडीचा वेग कमी होतोच. आपले किल्लेसुद्धा घाटाच्या तोंडाशी असतात ना, तेच गणित.

१७६२ मध्ये इंग्रजांनी हल्ला केला. किल्लेदार नुकताच वारला होता. तेव्हा त्याची एकोणीस वर्षांची मुलगी राफाएला एरेरा पुढे झाली आणि तिने किल्ला राखला. तिथल्या मुलांना ती गोष्ट आजही सांगतात. १७८० मध्ये इंग्रज पुन्हा आले. त्यांच्यात २१ वर्षांचा होरेशिओ नेल्सन होता, जो पुढे मोठा सेनानी झाला. या वेळी त्यांनी किल्ला जिंकला. पण पावसाळा सुरू झाला, तापाने आणि हगवणीने सैनिक पटापट मरू लागले आणि काही महिन्यांतच किल्ला सोडून जावं लागलं. तोफांनी जमलं नाही ते डासांनी आणि घाणेरड्या पाण्याने केलं. पाणी उकळून प्या, मच्छरदाणी लावा असं आम्ही का सांगतो, ते कळलं?

आता आपल्या होडीचं काय? खळाळातून न्यायची की नाही? इथे अनुभवी माणसं आधी होडी काठाला लावतात, उतरतात आणि चालत जाऊन खळाळ वरपासून खालपर्यंत बघतात. वाट नीट दिसली, अंगात कौशल्य असलं, तरच जातात. नाहीतर सामान उतरवून, होडी खांद्यावर घेऊन काठाने चालत पुढे जातात.

यात कमीपणा अजिबात नाही. १८५० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्वेकडून कॅलिफोर्नियाच्या सोन्याकडे निघालेले हजारो लोक याच नदीने गेले. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट या श्रीमंत उद्योगपतीच्या आगबोटी इथे चालत. पण या खळाळापाशी सगळे प्रवासी उतरत, चालत पुढे जात आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीत बसत. प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन १८६६ च्या अखेरीस पश्चिमेकडून पूर्वेकडे याच मार्गाने गेला. घाई सगळ्यांनाच होती, सोन्याची घाई! तरी उतरावं लागे ते लागेच.

पाचवा ते आठवा दिवस : जंगल आणि समुद्र

एल कास्तियोच्या थोडं खाली गेलं की उजवा काठ वेगळ्या देशाचा होतो, कोस्टा रिकाचा. (उजवा-डावा कसा ठरवायचा? नदी जिकडे वाहते तिकडे तोंड करून उभं राहायचं.) १८५८ च्या तहाने नदी निकाराग्वाची ठरली, पण व्यापारासाठी तीवर होड्या चालवण्याचा हक्क कोस्टा रिकाला मिळाला. यावरून वाद झाले आणि २००९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला. म्हणून तंबू कोणत्या काठावर ठोकायचा हासुद्धा कायद्याचा प्रश्न आहे! डाव्या काठावर इंदिओ माईस हे मोठं राखीव जंगल आहे. तिथे परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. रामा नावाचे मूळ रहिवासी या जंगलाच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

रात्री तंबूत पडल्यावर काय ऐकू येईल? बेडूक, रातकिडे, आणि पहाटे घुमणाऱ्या माकडांची आरोळी, जी काही किलोमीटरवर ऐकू जाते. दिवसा मोठे हिरवे मकाव पोपट जोडीजोडीने उडताना दिसतील. पाऊस तर सोबतीलाच. नदीच्या मुखापाशी वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या महाबळेश्वरसारखाच. फरक एवढाच की आपला पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडून जातो, तिथे तो वर्षभर हजेरी लावतो.

समुद्राजवळ आल्यावर नदीला फाटा फुटतो. बहुतेक पाणी कोलोरादो नावाच्या फाट्याने कोस्टा रिकात जातं आणि सान हुआनच्या वाट्याला थोडंच उरतं. नदी इथे उथळ आणि गाळाची होते. शेवटी पाणी खारट लागू लागतं, समुद्राची गाज ऐकू येते आणि आपला प्रवास सान हुआन दे निकाराग्वा या गावी संपतो.

गावाजवळच्या पाण्यात एक जुनं, गंजलेलं गाळ उपसणारं यंत्र पडलेलं आहे. त्याची गोष्ट ऐका. या नदीतून आणि सरोवरातून दोन महासागर जोडणारा कालवा काढायचं स्वप्न अनेकांनी पाहिलं. १८८९ मध्ये कामही सुरू झालं, पण चार वर्षांत पैसे संपले. पुढे अमेरिकेने पनामाची निवड केली आणि १९१४ मध्ये पनामा कालवा सुरू झाला. २०१३ मध्ये एका चिनी कंपनीला सरोवरातून जाणाऱ्या नव्या कालव्याची परवानगी मिळाली. तोही झाला नाही, आणि २०२४ मध्ये ती परवानगी रद्द झाली.

आपल्याकडे मात्र माणसाने पाणी खरंच वळवलं. कोयना ही कृष्णेची लेक, तिचं पाणी पूर्वेला जायचं. धरण बांधून, सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून आपण ते पश्चिमेला पोफळीकडे सोडलं. त्यावर वीज होते आणि ते पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला जातं. त्यासाठी कितीतरी गावं पाण्याखाली गेली. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या पणजोबांचं घर त्याच पाण्यात आहे, ज्यावरून मुलं लाँचने शाळेत येतात. म्हणून मुलांनो, ‘झोपलेलं’ दिसणारं हे पाणी वीज देतं, पोटात गावं सांभाळतं आणि वारा सुटला की उठून बसतं.

आणि तात्या?

हा पाठ तयार झाल्यावर मी तो पहिल्यांदा तात्यांना सांगितला, धक्क्यावर बसून. निकाराग्वा हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण वारा, आडोसा, काळपट पाणी हे सगळं त्यांनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, “हितं तसंच हाय की.” मग मी त्या दिवसाबद्दल माफी मागितली. ते हसले. “बाई, त्या दिवशी गेलो असतो तर काय झालं नसतं बी. पर पोरं बसल्यावर ‘बघू’ म्हणून न्हाय चालत.”

हे मला कोणत्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. थांबण्याचा निर्णय बरोबर होता याचा पुरावा कधी मिळत नाही, कारण जे घडायचं ते घडलेलंच नसतं. हाती राहते ती फक्त हुकलेली स्पर्धा आणि रडणारी मुलगी. म्हणून थांबवणाऱ्याला शाबासकी मिळत नाही, बोलणी मिळतात. आपण मोठी माणसं सुद्धा हेच करतो. मीही केलं.

ती मुलगी या वर्षी पुन्हा तयारी करते आहे. विषय तिनेच निवडला, ‘पाणी’. आणि आता लाँचमध्ये चढताना लाइफ जॅकेट घालण्यावरून कुणाशी वाद घालावा लागत नाही. पहिलं जॅकेट मीच घालते.

स्वाध्याय

१. निकाराग्वा सरोवराचं पाणी जवळच्या प्रशांत महासागराला का जात नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
२. सरोवरात आणि नदीत वल्ह्याचं काम कसं बदलतं?
३. चौघे जण आठ दिवस जाणार आहेत. प्रत्येकाला दिवसाला ३ लिटर पिण्याचं पाणी लागतं. एकूण किती? तेवढं होडीत नेता येईल का? नसेल तर काय कराल?
४. ताटली आणि परातीचा प्रयोग करा, दिसेल त्याचं चित्र काढा.
५. तुमच्या गावात पाणी, वारा, पाऊस ओळखणारी एखादी जाणती व्यक्ती असेल. तिला भेटा आणि विचारा, “आज जायचं नाही, हे तुम्हाला कशावरून कळतं?” उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

पाचवा प्रश्न पालकांनीही मुलांसोबत सोडवावा, ही विनंती.